गायरान ते गायन

महाराजांचा पाचवा अल्बम आला. कव्हरवर गीत, संगीत, गायन, निर्मिती, सगळीकडे महाराजच. पेटीवाल्याचं नाव तेवढं नाही.

त्या पेटीवाल्याला मी चहाला गाठलं. म्हणाला, "काका, महाराज काळी एकात गात नाहीत, पांढरी दोनातही नाही. मधल्या फटीत गातात."

पेटीच्या फटीत धूळ असते, फार तर झुरळाचं पिल्लू. षड्ज कसा असेल? "मग तू काय करतोस?"

"दोन्ही पट्ट्या एकदम दाबतो. लोकांना वाटतं, भाव दाटून आला."

भक्तांकडे फटीचंही शास्त्र तयार आहे. ऋषिमुनींनी 22 श्रुती सांगितल्या, तेविसावी महाराजांना समाधीत गवसली म्हणे. स्टुडिओवाल्याला मात्र समाधी लागत नाही, त्याला ईएमआय भरायचा असतो. त्याने ऑटोट्यून लावलं. हे यंत्र 1997 साली आलं आणि त्यामागचं गणित मुळात जमिनीखालचं तेल शोधणाऱ्यांचं. जमिनीत काय दडलंय ते महाराजांनाही लांबून कळतं. गावाचं गायरान त्यांनी असंच हेरलं होतं. तेव्हा दोघांचं जमायला हवं होतं. पण यंत्र महाराजांचा सूर काळी एकाकडे ओढतं, मग पांढरी दोनाकडे ओढतं, आणि शेवटी कुंपणावरच्या सरड्यासारखं तिथंच मान हलवत बसतं. त्या मान हलण्याला भक्त 'गमक' म्हणतात. परवा एकाने तर त्यावर डोळे पुसले! गायरानाचा मोर्चा ज्यांनी काढला होता, तेही हल्ली पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतात. समेवर नाही, पण वाजवतात.

गाऊ दे हो. बाथरूममध्ये मीही गातो. पण माझ्या बाथरूमला भोंगे नाहीत! यांचे चार आहेत, त्यातला एक थेट माझ्या खिडकीत. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा, दहानंतर भोंगे बंद, असं नियमात आहे. नियम कुठे आहे? फटीत! मुलीची बारावी, आईचं बीपी, आणि साडेअकराला तेविसावी श्रुती. पेटीवाल्याला या रात्रपाळीचे पैसे विचारले तर म्हणतो, प्रसादाचा नारळ मिळतो. अरे, हाडाच्या वादकाला नारळ? आणि मोटारी कुणाला?

शेवटी चौकीला फोन केला. पलीकडून टाळांचा आवाज येत होता.

"साहेब आहेत का?"

"आहेत ना. स्टेजवर आहेत. एवढं कडवं झालं की देतो."