‘नेक्स्ट’ दाबण्याचे शास्त्र

यंत्राच्या साहाय्याने माणसाला शिकवण्याच्या कल्पनेला आता शंभर वर्षे होत आली असली, तरी त्या यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाचा स्वभाव एवढ्या काळात फारसा बदललेला नाही, या गोष्टीकडे शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने पाहिलेले दिसत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी 1926 मध्ये अशा एका उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली, ज्याच्या छोट्या खिडकीत प्रश्न दिसे, चार कळांपैकी बरोबर उत्तराची कळ दाबावी लागे, आणि एक खटका फिरवून ठेवला की योग्य कळ दाबली जाईपर्यंत पुढचा प्रश्न येतच नसे. ठरावीक उत्तरे बरोबर आली की गोड गोळी बाहेर टाकणारी एक जोडणीही त्यांनी या उपकरणाला करून पाहिली होती. आजच्या ऑनलाइन प्रशिक्षणात गोळीच्या जागी प्रमाणपत्र आले आहे. ते चघळता येत नाही, पण त्याची नोंद सेवापुस्तकात करता येते, आणि गोळीची तशी कुठेच करता येत नव्हती, हे या शतकातील प्रगतीचे एक लक्षण मानता येईल. चारही कळा एकेक करून दाबत गेले की विषयाशी काहीही परिचय नसताना यंत्र पुढे सरकते, ही वस्तुस्थिती त्या खिडकीसमोर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला असेल असे समजण्याचे कारण नाही.

प्रेसी यांच्यानंतर या क्षेत्रात आलेले बी. एफ. स्किनर हे अधिक कडक शिस्तीचे होते. 1953 मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसल्यावर, आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही, ही गोष्ट त्यांना इतकी खटकली की त्यांनी स्वतःचे शिक्षणयंत्र तयार केले. मात्र त्यात पर्याय ठेवले नाहीत. विद्यार्थ्याने उत्तर स्वतः रचले पाहिजे, आणि पटण्याजोगे चुकीचे पर्याय त्याच्यासमोर ठेवले तर त्यांतलेच एखादे त्याच्या डोक्यात घर करील, असा त्यांचा आक्षेप होता. पुढच्या पिढ्यांतील प्रशिक्षण-रचनाकारांनी या दोन्ही आचार्यांचा आदर राखला, तो असा की स्किनर यांच्याकडून छोट्या पायऱ्या आणि तत्काळ शाबासकी घेतली, प्रेसी यांच्याकडून चार पर्याय घेतले, आणि विद्यार्थ्याला विचार करायला लावण्याची जबाबदारी तेवढी त्या दोघांकडेच राहू दिली.

स्किनर यांना वाटलेली भीती मात्र आज निराधार ठरली आहे, कारण सक्तीच्या ऑनलाइन प्रशिक्षणातील चुकीचे पर्याय कोणाच्याही डोक्यात घर करण्याच्या लायकीचे नसतात. अनोळखी व्यक्तीने फोनवर ओटीपी मागितल्यास काय करावे, या प्रश्नाला ‘लगेच सांगावा’, ‘थोडा वेळ घेऊन सांगावा’ आणि ‘सूचनाफलकावर लावावा’ असे तीन पर्याय दिल्यानंतर चौथा पर्याय ‘कोणत्याही परिस्थितीत सांगू नये, कॉल बंद करावा आणि घडलेला प्रकार संस्थेच्या माहिती-सुरक्षा विभागास विनाविलंब कळवावा’ असा असतो. यातून अनुभवी प्रशिक्षणार्थ्यांनी जो नियम काढला आहे, त्याला दीर्घतम पर्यायाचा नियम म्हणता येईल: जो पर्याय सर्वांत लांब, तो बरोबर, आणि शेवटी ‘वरील सर्व’ असे छापलेले असेल, तर लांबी मोजण्याचेही कष्ट घेऊ नयेत. बरोबर पर्यायावरून उद्या कोणी खुलासा मागेल या धास्तीने तो पोटनियमांसह लिहिला जातो, आणि चुकीच्या पर्यायांची कोणाला काळजी नसल्याने ते दुपारच्या जेवणानंतर लिहिले जातात, एवढाच या नियमाचा आधार आहे.

या सर्व व्यवहाराचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकीय व्यवस्थेला लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. कोण केव्हा आत आला, कोणत्या पानापर्यंत गेला, किती वेळ थांबला आणि किती गुण मिळाले, यांची ती वही आहे. एका कंपनीने तयार केलेला पाठ दुसऱ्या कंपनीच्या वहीत चालावा म्हणून अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने ‘स्कॉर्म’ नावाचे प्रमाण ठरवण्यात आले. त्याची 2001 मधील 1.2 ही आवृत्ती, पुढे सुधारित आवृत्त्या येऊनही, आजतागायत अनेक ठिकाणी नेटाने चालू आहे. या प्रमाणानुसार शिकणाऱ्या माणसाच्या सहाच अवस्था संभवतात: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसते चाळले, आणि हातच लावला नाही. यातील पाचवी अवस्था मान्य करण्याचा प्रामाणिकपणा दाखवल्याबद्दल प्रमाणकर्त्यांचे कौतुकच केले पाहिजे, पण ‘समजले’ या नोंदीसाठी त्यात रकाना नाही. आणि रकाना नसलेल्या गोष्टीची कोणत्याही कार्यालयात जी गत होते, तीच येथे तिची झाली आहे. शिवाय शिकणारा कुठवर आला याची खूणगाठ ठेवण्यासाठी या आवृत्तीत 4096 अक्षरांची मर्यादा असल्यामुळे, लांबलचक पाठात ती जागा भरून जाते आणि पुन्हा लॉगिन करणारा मनुष्य एखाद्या जुन्या पानावर, कधी तर थेट पहिल्या पानावर येऊन पडतो. असे झाले तरी पहिल्या खेपेला काय वाचले होते हे आठवत नसल्यामुळे त्याचा फारसा तोटा होत नाही.

ही वही काळ मोजते, आणि काळावरून ज्ञान ताडते. कुकरच्या शिट्ट्या मोजून भात शिजल्याचे ठरवण्यात गैर काही नाही, परंतु त्यासाठी कुकरमध्ये आधी तांदूळ असावे लागतात. चित्रफीत पुढे ढकलता येऊ नये म्हणून सरकपट्टी बंद केली, तेव्हा प्रशिक्षणार्थ्याने ती चालू ठेवून दुसरी खिडकी उघडली. दुसरी खिडकी उघडताच चित्रफीत थांबेल अशी योजना केली, तेव्हा त्याने दुसरा फोन घेतला. आणि मधूनमधून ‘आपण अजून येथेच आहात का?’ असा काहीसा आध्यात्मिक प्रश्न विचारला जाऊ लागला, तेव्हा त्याने घरातील एखाद्या रिकाम्या सदस्याची नेमणूक केली. सायबर सुरक्षेचे पाठ असे आवाज बंद करून स्वयंपाकघराच्या ओट्यावर, डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर पूर्ण झालेले आहेत, आणि त्यांच्या प्रमाणपत्रात ओट्याचा उल्लेख नाही.

भारतात दूरवरून शिकवण्याचा एक मोठा प्रयोग झाला तो 1975–76 मध्ये, ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणी योजनेत. अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2400 गावांत कार्यक्रम दाखवले गेले आणि त्याच काळात सुमारे 50 हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्या वेळी शिक्षक संचासमोर एकत्र बसत, सोबत छापील साहित्य असे आणि चर्चा चालवायला माणूस असे. म्हणजे डुलकी लागलीच तर ती सार्वजनिक असे, आणि सार्वजनिक डुलकीला एक नैसर्गिक मर्यादा असते. 2019 मध्ये सुरू झालेला ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमही आधी प्रत्यक्ष वर्गांतूनच चालला. महासाथीमुळे ऑक्टोबर 2020 पासून तो ‘दीक्षा’ या संकेतमंचावर आला. त्याच वर्षी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी मिळाली. निष्ठा, दीक्षा आणि कर्मयोग ही नावे पाहता, मोक्ष हा एखाद्या पुढील टप्प्यातील मॉड्यूलचा विषय असावा.

महाराष्ट्रातील शिक्षकांच्या बाबतीत तर प्रशिक्षणाचा संबंध थेट पगाराशी येतो, कारण 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी मिळण्यासाठी इतर अटींबरोबर ठरावीक प्रशिक्षण पूर्ण असावे लागते, आणि 2022 मध्ये ते ऑनलाइन घेण्यात आले. जेथे वेतनश्रेणी असते तेथे जिज्ञासा आपोआप उत्पन्न होते. डोंगरी भागात नेटवर्क गावात नसते, ते टेकडीवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ असते, त्यामुळे ‘कोठूनही शिका’ या घोषणेतील ‘कोठूनही’ हे ठिकाण सर्वांना नेमके ठाऊक असते आणि संध्याकाळी तेथे गर्दी होते. या गर्दीतच, आणि व्हॉट्सॲपवरील गटांत, एक समांतर शिक्षणव्यवस्था विकसित झालेली आढळते: कोणी लॉगिनच्या अडचणी सोडवतो, कोणी प्रश्नांचे स्क्रीनशॉट पुरवतो, कोणी उत्तरसूची तयार करतो, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या गुरुजींचे पाठ त्यांची नात पूर्ण करते. सहकार्यातून शिक्षण, समवयस्कांकडून अध्यापन आणि समस्या-निराकरण ही जी तत्त्वे मॉड्यूलच्या तिसऱ्या प्रकरणात समजावलेली असतात, ती ते प्रकरण न वाचता अमलात आणली जातात, आणि येथे खिल्ली उडवण्याजोगे काही असेल तर ते प्रकरण आहे, गुरुजी नव्हेत.

तंत्रज्ञानाने काहीच साधत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ती कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली, आणि त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. तेथे कोड पुस्तकावर होता आणि पुस्तकामागे शिक्षक उभा होता. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटेल’मध्ये पाठ विनामूल्य असतात, पण प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षा केंद्रावर देह घेऊन जावे लागते. देहाला डब्याला टेकवून ठेवता येत नसल्यामुळे या प्रमाणपत्राला थोडा भाव आहे.

सक्तीच्या प्रशिक्षणात हा देह प्रमाणपत्र निघाल्यानंतर कामाला लागतो. पडद्यावर अवतरलेले प्रमाणपत्र बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापून आणले जाते, एक प्रत केंद्रप्रमुखांकडे आणि एक कार्यालयीन दप्तरी जाते, प्रशिक्षण ऑनलाइन पूर्ण केल्याची माहिती पुन्हा गुगल फॉर्ममध्ये भरावी लागते, आणि त्या फॉर्मची एक्सेल शीट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचते, जेथे नाव आधी की आडनाव आधी या मुद्द्यावर ती परत येते. छापील प्रतीच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केल्यास सदर प्रमाणपत्र खरे असल्याचे कळते. ज्याच्या नावाने ते निघाले आहे त्याच्याविषयी कोड मौन पाळतो. फॉर्म भरताना वारंवार होणाऱ्या चुका लक्षात घेऊन तो कसा भरावा याचे स्वतंत्र ऑनलाइन प्रशिक्षण योजले जाते, त्याची लिंक शनिवारी रात्री येते, आणि मुदत रविवारी संपते.