बिल करू का, काका?

अमेरिकेत लुईझियाना राज्यात लाफायेट नावाचं गाव आहे. तिथल्या कोर्टात एप्रिल २०१४ मध्ये ज्युरीत बसलेल्या साध्यासुध्या माणसांनी मधुमेहाच्या एका गोळीचा हिशेब केला, तो निघाला नऊशे कोटी डॉलर. गोळी अ‍ॅक्टोस, आपल्या डॉक्टरांच्या तोंडी पायोग्लिटाझोन. सहाशे कोटी जपानच्या ताकेदा कंपनीने भरायचे आणि ती विकायला हातभार लावणाऱ्या एली लिलीने तीनशे. तेव्हाच्या भावाने साधारण ५४ हजार कोटी रुपये. ही बातमी वाचून आमच्या ओळखीतले एक शुगरवाले गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मी तीच घेतो. माझे किती होतात?’

तक्रार अशी होती की या गोळीने मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो, हे कंपनीने लपवलं. होतो की नाही यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. २०१५ साली आलेल्या दहा वर्षांच्या अभ्यासातही ठाम पुरावा हाती लागला नाही. पण ज्युरी चिडली ती लपवाछपवीवर. कंपनीच्या अनेक कर्मचाऱ्यांच्या फायली गहाळ झाल्याचं कोर्टात निघालं होतं. आता फायली सापडत नाहीत म्हणून कुणाला शिक्षा होते, हे मंत्रालयाची आग पाहिलेल्या महाराष्ट्राला पटणं कठीणच आहे. पुढे न्यायाधीशबाईंनी दंड पावणेचार कोटी डॉलरच्या आत आणला आणि २०१५ मध्ये ताकेदाने हजारो दावेदारांशी मिळून सुमारे २४० कोटी डॉलरना तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही. आमचं काही चुकलं नाही, पण हे पैसे ठेवा, असं म्हणणारा पाहुणा आपल्याकडे लग्नातसुद्धा भेटत नाही.

आपण मात्र अमेरिकेच्याही पुढे होतो. १८ जून २०१३ रोजी, म्हणजे त्या ज्युरीच्या आधीच, केंद्र सरकारने पायोग्लिटाझोनवर थेट बंदी घातली. डॉक्टर मंडळी म्हणाली, इतकं स्वस्त आणि गुणकारी औषध काढून घेता, मग गरिबाला देऊ काय? प्रश्न बरोबर होता. ३१ जुलैला बंदी उठली. बदल्यात कंपन्यांनी ठळक लाल अक्षरांत धोक्याची सूचना छापायची ठरली. कुठे? खोक्यातल्या माहितीपत्रकात! हे पत्रक आठ घड्यांचं असतं, अक्षर मुंगीचं असतं आणि भाषा इंग्रजी असते. ते उलगडता येतं. पुन्हा घडी घालता आल्याची नोंद वैद्यकशास्त्रात नाही. शिवाय खोकं दुकानदाराकडे राहतं, सूचनाही त्याच्याकडेच. त्याला मधुमेह नसला तर चांगलंच आहे.

नुकसानभरपाई मागायची म्हटलं तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सदोष उत्पादनाबद्दल, पुरेशी सूचना न दिल्याबद्दल कंपनीला जबाबदार धरणारं अख्खं प्रकरण त्यात आहे. वाचताना छाती फुगते. मग कलम ८७ येतं. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं उत्पादन असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला सूचना पोचवायची वाजवी खटपट केली असेल, तर कंपनी सुटली. म्हणजे धोका डॉक्टरांना कळवला की पुरे. डॉक्टरांनी तो तुम्हाला सांगायचा, बाहेर बाकांवर चाळीस जण खोकत असताना.

तरी चिकाटीने तक्रार केलीत, तर पहिला प्रश्न येणार, नेमकं कोणतं औषध? आपल्याकडे पायोग्लिटाझोन बऱ्याचदा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत नांदतं. एकत्र कुटुंबात बशी कुणी फोडली हे कोर्टात सिद्ध करून दाखवा. दुसरा प्रश्न, कंपनी कोणती? या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरी, कारण दुकानदार म्हणतो ‘सेमच आहे’. त्यातून त्याने कात्रीने अर्धी स्ट्रिप कापलेली. कंपनीचं नाव आणि एक्सपायरीची तारीख दुकानात, गोळ्या तुमच्या पोटात.

वकीलही अमेरिकेसारखा नाही. तिकडे तो टीव्हीवर येऊन विचारतो, तुम्ही हे औषध घेतलंत का? जिंकलो तर हिस्सा द्या, हरलो तर काही देऊ नका. आपल्या बार कौन्सिलने जाहिरातही मना केली आहे आणि हिस्सेदारीही. त्यामुळे भारतीय वकिलाला आशिलाबरोबर हरण्याची हौस नसते.

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे बिल. ते नसेल तर तुम्ही ग्राहक होतात हे सांगणार कोण? दुकानदार तसा सज्जन असतो, विचारतो. ‘बिल करू का, काका? बिल केलं तर दहा टक्के सूट नाही मिळणार.’

काका सूट घेतात. कोर्टाबाहेरची आपली तडजोड ती हीच. रक्कम बत्तीस रुपये.