घरात मोठं कोण आहे?

आम्ही जरा घाईतच मोठे झालो. 61व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय 21वरून 18वर आणलं आणि 1989च्या लोकसभा निवडणुकीत, ओठावर मिशी आहे की सावली असा प्रश्न पडावा अशा आम्हा पोरांच्या बोटाला शाई लागली. देशाचं सरकार निवडून मी ऐटीत घरी आलो, तर आईनं आधी हात धुवायला पाठवलं. त्या घाईत माझी जी तीन वर्षं बुडाली, ती अजून भरून मिळालेली नाहीत.

पुढे सरकारलाही शंका आली असावी. वाहनपरवाना काढायचा तर चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे अठराव्या वर्षी मोठं केलं आणि चाळिशीपासून तपासायला घेतलं. मधल्या काळात मोठेपणा अंगात मुरायला हवा होता, पण तो काळ गृहकर्जाचे हप्ते भरण्यात आणि सोसायटीत पार्किंगवरून भांडण्यात गेला.

आमच्या लहानपणी मोठी माणसं लगेच ओळखू यायची. ज्याच्या कपाटाला हात लावायचा नाही, ते मोठं माणूस. वडिलांच्या गोदरेजच्या कपाटाचं हँडल खटकन फिरलं की आम्ही भावंडं गप्प व्हायचो. आत विम्याचे कागद, घराची खरेदीखतं, रेशनकार्ड आणि सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. आता ते कपाट माझ्याकडे आहे. हँडल तसंच वाजतं. लॉकरमध्ये मात्र मेलेल्या मोबाइलचे चार्जर, केव्हाच भंगारात गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि एक काजूकतलीचा डबा. ‘बाबा, यात असं काय आहे की तुम्ही किल्ली खिशात घेऊन फिरता?’ असं मुलीनं विचारलं, तेव्हा मी ‘महत्त्वाची कागदपत्रं’ म्हणालो. काजूकतलीखाली खरोखरच कागद असतो.

पण खरी परीक्षा घेतो प्लंबर. ‘पाऊण इंची टाकू का एक इंची?’ एवढं विचारून तो माझ्याकडे बघत उभा राहतो. वडील असते तर कमरेवर हात ठेवून म्हणाले असते, ‘पाऊणच टाक. आणि जुना कॉक नेऊ नकोस, इथंच ठेव.’ त्या जुन्या कॉकचं पुढे काय करायचं हे त्यांनाही माहीत नसायचं. माळ्यावर त्यांची गोणी भरली होती. पण कॉक ठेवून घेण्यात एक जरब होती. प्लंबर जाताना पिशवी उघडी करून दाखवायचा. मी म्हणतो, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते टाका.’ हे ऐकलं की त्याच्या चेहऱ्यावर दया येते आणि बिलात वाढ. परवा त्यानं शेवटी विचारलंच, ‘घरात मोठं कोणी आहे का?’ मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, ‘पाऊण.’

इतिहास तर उघडउघड खिजवतो. माधवरावांना 1761 साली पेशवाईची वस्त्रं मिळाली, तेव्हा ते 16 वर्षांचे होते. पानिपत नुकतंच झालेलं, डोक्यावर कर्ज, शेजारी निजाम टपलेला. त्यांनी ते सगळं निस्तरत आणलं आणि 27व्या वर्षी गेलेसुद्धा. सत्ताविसाव्या वर्षी मी, स्कूटर किक मारूनही सुरू होत नाही म्हणून वडिलांना फोन केला होता. अर्थात, माधवरावांना काकांचा त्रास होता. आमच्या घरात तो त्रास मीच आहे.

काका म्हणून माझी पहिली मोठी नेमणूक झाली ती पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत. आमच्याकडे अशा वेळी मुलीच्या बापानं कमी बोलायचं आणि घरातल्या मोठ्यानं जास्त. आमचे थोरले काका यात वाकबगार होते. पोहे आले की ते बशी बाजूला ठेवत, अडकित्ता काढून सुपारी कातरत, आणि समोरच्यानं खर्चाचा विषय काढला की ‘असं आहे बघा...’ एवढंच म्हणून गप्प बसत. त्या शांततेत समोरचा माणूस घाबरून हॉलचं भाडं स्वतःकडे घेऊन टाकी. मीही बशी बाजूला ठेवली. (वर ओलं खोबरं होतं, फार जड गेलं.) आणि म्हणालो, ‘असं आहे बघा...’

समोर मुलाचे काका होते. चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणाले, ‘अगदी बरोबर आहे तुमचं.’

‘छे, तुम्ही म्हणाल तसं.’

‘नाही नाही, तुम्हीच सांगा. तुम्ही मोठे.’

‘मी कुठला मोठा? तुमचं साल कोणतं?’

साल एकच निघालं. पण ते मार्चचे आणि मी जूनचा. मी जवळजवळ टाळीच वाजवली, ‘म्हणजे मोठे तुम्हीच!’ त्यांचा चेहरा पडला. बोर्डात मार्क कमी पडल्यावर पडतो, तसा.

तेवढ्यात पुतणीनं लॅपटॉप आणला. ‘काका, आम्ही दोघांनी एक्सेल शीट केलीय.’ हॉल, गुरुजी, साडेतीनशे पानं, फुलं, सगळं मांडलेलं; खर्च निम्मा-निम्मा. सीमांतपूजनासमोर ‘गरज आहे का?’ असा लाल रकाना. मानपानासमोर शून्य. अगदी तळाशी आम्हा दोघांची सोय होती: ‘दोन्ही काका – आशीर्वाद.’ त्यापुढे रक्कम नव्हती. ज्या यादीवरून पूर्वी वरातीच्या वाटेत भांडणं व्हायची, ती चहा निवायच्या आत संपली. आमच्या भावानं एकदाच तोंड उघडलं, तेही पोहे मागायला.

‘झालं ना सगळं? मग काकालोकांना आइस्क्रीम द्या रे,’ कुणीतरी म्हणालं आणि आमची बाल्कनीत रवानगी झाली. आत मोठी माणसं, म्हणजे तिशीच्या आतली, हॉलच्या ॲडव्हान्सचं बघत होती. माझ्या वाट्याला मँगो आलं होतं, त्यांच्या वाट्याला बटरस्कॉच. त्यांनी एकदा आत डोकावून बघितलं, काकू पाठमोऱ्या आहेत याची खात्री केली आणि खुर्ची माझ्याकडे ओढत विचारलं, ‘अर्धं-अर्धं करायचं का?’