सदर अर्जदार

अर्जदाराचं लग्न झालेलं आहे. हे त्याच्या बायकोला माहीत आहे, सासुरवाडीला माहीत आहे, आणि पंगतीत जिलब्या कमी पडल्यामुळे दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या अजूनही पक्कं लक्षात आहे. महापालिकेला मात्र याचा पत्ता नव्हता. लग्नाला ३१ वर्षं झाल्यावर परदेशातल्या मुलीने फोन केला, की व्हिसाच्या कागदांत तुमच्या लग्नाचा दाखला लागेल आणि बाबांचा जन्माचाही, तेव्हा कुठे ही बाब उघडकीला आली.

अर्जदार म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण महापालिकेच्या पायऱ्या चढून-उतरून आल्यापासून स्वतःला 'मी' म्हणायचा त्याला धीर होत नाही. तो कोणत्या शहरात राहतो तेही तो इथे सांगणार नाही. तिथल्या महापालिकेत त्याची आणखी दोन कामं अडकलेली आहेत.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८चा. लग्न लागल्यापासून ९० दिवसांत नोंद करायची, उशीर झाला तर दंड भरून करायची. अर्जदाराला या हिशेबाने अकरा हजारांवर दिवस उशीर झाला होता. त्याला वाटलं होतं, खिडकीपलीकडच्या बाई निदान भुवया तरी उंचावतील. त्यांनी न बघता एक कागद पुढे सरकवला. "नमुना ड. दोघांचे फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि पत्रिका."

"गुरुजी वारले हो."

"मग प्रतिज्ञापत्र करा."

"गुरुजींचं?"

"तुमचं. गुरुजींचं कसं करणार?"

साक्षीदारांचा शोध सुरू झाला. लग्नाला साडेचारशे पान उठलं होतं, त्यातले तीन जिवंत, गावात राहणारे आणि कामाच्या दिवशी दुपारी मोकळे असे मिळेनात. कॉलेजातल्या एका मित्राने फोनवर बराच विचार करून विचारलं, "मी होतो का रे तुझ्या लग्नाला?" अल्बम उघडून दाखवल्यावर त्याला श्रीखंड आठवलं, मग तो यायला तयार झाला.

पत्रिका आईच्या ट्रंकेत सापडली. एका कोपऱ्याला हळदीचा डाग, पाठीमागे कोणाच्या तरी हातचा किराणा मालाचा हिशेब. अर्जदाराने ती विजयी मुद्रेने खिडकीतून आत दिली. बाईंनी पत्रिका वाचली, बायकोचं आधारकार्ड वाचलं, पुन्हा पत्रिका वाचली.

"पत्रिकेतली मुलगी वेगळी आहे."

खरंच होतं. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवं नाव काढून सुनेचं नाव बदलायची तेव्हा अर्जदाराच्या घरी पद्धत होती. त्याच्या आईने मोठ्या हौसेने निवडलेल्या त्या नावाने बायकोला हाक मारणारं माणूस आता घरात उरलेलं नाही, पण रेशनकार्डापासून आधारपर्यंत तेच चिकटलं आहे. बायको शांतपणे म्हणाली, "तेव्हाची मुलगी वेगळीच होती हो."

बाई पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा." अशा रीतीने साठीच्या उंबरठ्यावर अर्जदाराच्या बायकोच्या नावात 'उर्फ' आलं. आजवर तो मान फक्त वर्तमानपत्रातल्या सराईत आरोपींना मिळतो असा तिचा समज होता. लग्नातला फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघायची वेळ आली तेव्हा बाईंनी अर्जदाराच्या डोक्याकडे पाहिलं, फोटोतल्या केसांकडे पाहिलं, पण प्रतिज्ञापत्र मागितलं नाही. या दयाबुद्धीबद्दल तो त्यांचा ऋणी आहे.

खिडकीच्या वर एक फलक होता. कोणती सेवा किती दिवसांत, कोणता अधिकारी, अपील कोणाकडे. हे २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे लावावं लागतं. मुदतीत काम झालं नाही तर एक अपील, मग दुसरं, मग थेट आयोग, आणि दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. अर्जदाराला ते वाचून अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. पण दिवस मोजायचे ते कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून. आणि 'कागदपत्रं पूर्ण होणे' ही अवस्था संतांनी वर्णन केलेल्या काही अवस्थांसारखी आहे. ती असते यात शंका नाही, पोचलेला माणूस मात्र रांगेत भेटत नाही.

जन्माच्या दाखल्यासाठी वेगळी खोली. अर्जदाराचा जन्म १९६६चा, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा केंद्रीय कायदा यायच्या आधीचा. तिथल्या गृहस्थांनी शिडी लावून, लाल कापडात बांधलेलं बाड उतरवलं, त्यावर फुंकर मारली आणि शिंक आवरत पानं उलटली. सापडलं! वडिलांचं नाव, आईचं नाव, चाळीचा पत्ता, सगळं टाकातल्या शाईच्या तिरक्या अक्षरात. लिंग: पुरुष. नावाच्या रकान्यात मात्र काहीच नाही.

"बारशाच्या आधीची नोंद," गृहस्थ म्हणाले. "नाव नंतर येऊन घालायचं असतं. तुमच्या वडिलांचं राहून गेलं."

नाव घालायला कायद्याने नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत असते. अशा रिकाम्या रकान्यांचे लोक इतके आहेत, की शासनाला अधूनमधून मुदतवाढ द्यावी लागते. अर्जदार घरी आला तो जरा गंभीर होऊन. शाळा, नोकरी, कर्ज, दोन मुलं, मूळव्याधीचं ऑपरेशन, एवढं सगळं ज्याच्या नावावर झालं तो माणूस महापालिकेच्या लेखी अजून बारशाची वाट बघत पाळण्यात पडलेला होता. बायको म्हणाली, "नवं नाव ठेवायला हवंय का? माझ्याकडे दोन-तीन तयार आहेत."

तेव्हापासून अर्जदाराला एक नाद लागला. महापालिका माणसाला कशाकशाने हाक मारते ते तो टिपून ठेवतो. जन्मताच बालक. घराला 'मालमत्ता' म्हणतात, त्यामुळे घर असलं तर मालमत्ताधारक, नुसता राहत असला तर भोगवटादार. ('भोगवटा' हा शब्द ज्याने शोधला त्याने भाड्याच्या खोलीत दिवस काढले असावेत.) नळ घेतला की नळजोडणीधारक, कर थकला की थकबाकीदार. शेवटी मयत. मधल्या सगळ्या काळात अर्जदार. नागरिक हा शब्द फक्त आवाहनात येतो: नागरिकांनी पाणी गाळून व उकळून प्यावे, नागरिकांनी सहकार्य करावे.

भोगवट्यावरून अर्जदाराच्या पुण्याच्या मावसभावाची गोष्ट आठवते. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला पुण्यात १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. मध्यंतरी ती गेली आणि २०२३ मध्ये परत आली. ज्यांची सवलत निघून गेली होती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा, पंचवीस रुपये भरायचे आणि आपण आपल्याच घरात राहतो हे पुराव्यानिशी दाखवायचं. मावसभावाने मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, सोसायटीचं पत्र असा सज्जड पुरावा गोळा केला. वहिनींचं म्हणणं, ते घरात राहतात याचा पुरावा त्यांनाही एकदा दाखवावा. सकाळी नऊला कट्ट्यावर गेलेला माणूस जेवायला येतो तेवढाच.

मुंबईचा मेहुणा पाण्यातला. म्हणजे पावसाळ्यात तो फक्त तलावांविषयी बोलतो. मुंबईला भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी असे सात तलाव पाणी देतात. जून सुरू झाला की लोक शेअरबाजार बघतात तसा तो रोज सकाळी त्यांची टक्केवारी बघतो. तुळशी ओसंडून वाहू लागल्याची बातमी आली की त्याचा फोन ठरलेला. तुळशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, त्याच्या घरापासून जवळ, त्यामुळे ती भरली की त्याला ते आपलंच कर्तृत्व वाटतं. एकदा अर्जदाराने हिशेब मांडून दाखवला. सातही तलावांत मिळून साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लीटर मावतं, त्यात तुळशीचं ८,०४६. सबंध मुंबईला ते जेमतेम दोन दिवस पुरेल. मेहुणा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन तर दोन. तुमच्याकडे आज आलंय का?"

आलं नव्हतं. 'तांत्रिक कारणास्तव कमी दाबाने' येणार होतं, असं आदल्या दिवशीच्या बातमीत होतं. कमी दाबाने म्हणजे नळ आधी खाकरतो, मग हवा सोडतो, मग एक थेंब बादलीत टाकून विचारात पडतो.

झाडांच्या बाबतीत मात्र महापालिका आणि अर्जदार यांचं नातं वेगळं आहे. सोसायटीतला गुलमोहर एका बाजूला कलला, फांदी थेट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. १९७५च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज झाला, पाहणी झाली आणि एके दिवशी गुलमोहराच्या खोडावर नोटीस डकवलेली दिसली. कोणाची हरकत असल्यास कळवावी. सोसायटीतल्या ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकाही सभेला हजेरी लावली नव्हती त्याने त्याच संध्याकाळी हरकत घेतली. २०२१च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांवरचं झाड प्राचीन वृक्ष ठरतं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. गुलमोहराचं वय किती यावर सोसायटीत दोन तट पडले. अर्जदाराला स्वतःला पन्नाशी ओलांडून बरीच वर्षं झाली, त्याच्या बाबतीत असली काही तरतूद नाही, हे त्याने सभेत बोलून दाखवलं. इतिवृत्तात त्याची नोंद झाली नाही. शेवटी नुसती फांदी छाटायचं ठरलं.

हे सगळं नगरसेवकाकडून करून घेता आलं नसतं का? आलं असतं, पण तेव्हा नगरसेवकच नव्हते. २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासकट बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ सगळा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. चौकातल्या फ्लेक्सवर माजी नगरसेवक होते आणि भावी नगरसेवक होते. वर्तमानकाळ तेवढा गायब होता.

दारासमोरचा दिवा बंद पडला तेव्हा अर्जदार तक्रारदार झाला. तक्रार मोबाइलवरून केली, तिला लांबलचक क्रमांक मिळाला. तिसऱ्या दिवशी संदेश आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' त्या रात्री अंधारातच जिना उतरताना अर्जदाराला मराठी भाषेची बारीक नजर जाणवली. तक्रार निकाली निघते. तक्रारदार निकालात निघतो. आठवड्याने दिवा लागला, पण दुपारी. हल्ली तो दिवसरात्र लागतो. याची तक्रार करायची हिंमत अर्जदाराला होत नाही.

महापालिकेतलं जे माणूस त्याला खऱ्या अर्थाने ओळखतं ते कोणत्याही खिडकीत बसत नाही. घंटागाडीवरच्या मावशी सकाळी सव्वासातला येतात. त्या त्याला अर्जदार म्हणत नाहीत, मालमत्ताधारक म्हणत नाहीत. "तीनशे चार!" एवढीच हाक. तेव्हा २०१६च्या घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन जागी कचरा द्यायचा असायचा. अर्जदाराने हे नियम वाचलेले आहेत, मावशींनी बहुधा नसावेत. पण एका सकाळी त्यांनी ओल्या कचऱ्याच्या बादलीत हात घालून, भाजीच्या देठांखालून रिमोटचे दोन सेल काढले, पाण्याने विसळले आणि उंबऱ्यावर शेजारी शेजारी उभे करून ठेवले. बोलल्या काही नाहीत. अर्जदार बराच वेळ त्या दोन सेलांकडे पाहत होता. शाळेत बाकावर उभं केल्याची आठवण त्याला इतक्या वर्षांनी आली. नारळाची करवंटी ओल्यात की सुक्यात, यावर सोसायटीच्या ग्रुपवर दीडशे संदेश पडले होते. मावशींनी ती उचलून चुलीसाठी घरी नेली. पुण्यात हेच काम करणाऱ्या कचरावेचक बायांनी आधी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली आणि पुढे 'स्वच्छ' नावाची स्वतःची सहकारी संस्था चालवून दाखवली. ते वाचल्यापासून अर्जदार सेल वेगळ्या डबीत ठेवतो.

त्याची इंदूरची आत्येबहीण मात्र हे ऐकून कीव करते. इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत दर वर्षी देशात स्वच्छतेत पहिलं आलं. होळकरांच्या काळापासून तिथे राहणारी मराठी घरं आता सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाइतक्याच अभिमानाने कचऱ्याविषयी बोलतात. "तुमच्याकडे अजून तीनच डबे?" असं ती विचारते, आणि अर्जदार विषय बदलून पोह्यांवर आणतो.

शेवटी लग्नाचा दाखला मिळाला. चार खेपा, दोन प्रतिज्ञापत्रं, तीन साक्षीदारांचं दुपारचं जेवण, आणि बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून केलेलं "अभिनंदन" एवढ्यात काम झालं. रिक्षात बसल्यावर बायकोने चष्मा लावून तो बारकाईने वाचला. विवाहाचा दिनांक १९९४चा, नोंदणीचा यंदाचा.

"म्हणजे कायद्याने बघितलं तर," ती म्हणाली, "यंदाचा पाडवा आपला पहिला."

"कायदा तसा नाहीये."

"पहिल्या पाडव्याला सोनं देतात ना?"

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. हरकत नोंदवायची मुदत किती, हे अर्जदाराने विचारलं नाही.