मामापासून ओळख कशी लपवावी

प्रस्तुत मार्गदर्शिका परसवाडा (तहसील तीच, जिल्हा बालाघाट, मध्यप्रदेश) येथील समस्त महाविद्यालयीन विद्यार्थिवर्गाच्या उपयोगासाठी लिहिली आहे. खरं म्हणजे ती एकाच विद्यार्थिनीसाठी आहे, पण तिने मला म्यूट करून ठेवल्यामुळे छापावी लागली. विद्यार्थिनी माझी भाची, बी.ए. प्रथम वर्ष. मी गोंदियाचा. 1956 साली राज्यांची फेरमांडणी झाली, भंडारा-गोंदिया मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिलं. रोटी-बेटीचा व्यवहार मात्र कुणी वाटून घेतला नाही. त्यामुळे मामा एका राज्यात आणि भाची दुसऱ्या राज्यात, हे आमच्याकडे घरोघरचं आहे.

आता शास्त्र. मूळ सिद्धान्त असा: ओळख ही मामा, काका, आत्या, थोरला भाऊ, घरासमोरचे गुरुजी आणि किराणा दुकानदार यांच्यापासून प्राणपणाने लपवावी. उरलेल्या जगात ती मागेल त्याला, मागेल तितक्या प्रतींत, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून द्यावी.

नियम पहिला, नावाचा. इन्स्टाग्रामवर खरं नाव कधीही घालू नये. आडनाव तर मुळीच नाही, कारण बिसेन, पटले, कटरे, टेंभरे, रहांगडाले यांपैकी काहीही दिसलं की आमच्या भागातला कोणताही मामा दोन प्रश्नांत गाव, तीन प्रश्नांत आजोबा आणि चौथ्या प्रश्नात 'म्हणजे आपण लामता गावच्या लग्नात भेटलो होतो' इथवर पोहोचतो. म्हणून नावाच्या जागी राणी, परी, सिंहीण असं काहीतरी टाकावं. फोटो आरशासमोर काढावा आणि तोंडापुढे मोबाइल धरावा. एवढा बंदोबस्त झाला की खाली माहितीच्या रकान्यात निश्चिंतपणे केकच्या चित्रासह जन्मतारीख, कॉलेज, वर्ष, गाव, आणि 'मम्मी-पप्पा माझं जग' असं लिहून मम्मी-पप्पांचे फोटो लावावेत. म्हणजे आधार कार्डावरचं, नाव सोडून, जवळजवळ सगळं. पासवर्ड म्हणून तीच जन्मतारीख ठेवावी. लक्षात राहते.

नियम दुसरा, स्टेटसचा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टेटस कुणाला दिसू नये याची यादी करायची सोय आहे. माझ्या भाचीने आमचं अख्खं खानदान तिथे एकेक करून टिकमार्क केलं आहे. चुलत आजीसुद्धा सुटली नाही, जिला स्टेटस उघडताही येत नाही. हीच चिकाटी सीसीईच्या, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाच्या, असाइनमेंटमध्ये दिसली असती तर पहिलं सेमिस्टर वेगळं गेलं असतं. निकाल लागला त्या दिवशी तिने गुणपत्रिकेचा फोटो टाकला, त्यावर रोल नंबर, नामांकन क्रमांक, आईचं नाव, सगळं वाचता येईल असं. मला तो चहाच्या टपरीवाल्याच्या मुलाने दाखवला. तो तिच्या कोणत्या ग्रुपात आहे हे त्यालाही नीट सांगता आलं नाही. टक्क्यांचा आकडा कापून तेवढाच टाकला असता तरी आम्ही पेढे वाटलेच असते.

(इथे एक संदर्भ देणं विद्वत्तेला धरून होईल. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आमच्याकडे टपरीवर नऊ माणसं जमली की तीही एकमताने ठरवतात, फक्त उलट.)

नियम तिसरा, कागदांचा. हा विस्ताराने सांगावा लागेल.

प्रवेशाच्या दिवसांत लागणारं साहित्य: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, माइग्रेशन, मूलनिवासी, जात, उत्पन्न, बँकेचं पासबुक, फोटो, आधार आणि समग्र आयडी. हा शेवटचा प्रकार गोंदियावाल्यांना ठाऊक नसतो. मध्यप्रदेशात कुटुंबाला आठ आकडी आणि त्यातल्या प्रत्येकाला नऊ आकडी नंबर असतो, त्याशिवाय शिष्यवृत्तीचं पान हलत नाही. भाचीला 'गाँव की बेटी' योजनेचे महिन्याला 500 रुपये, दहा महिने, मिळायचे आहेत. खेड्यातून प्रथम श्रेणीत बारावी पास होऊन पुढे शिकणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे आणि चांगली आहे, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार कृतीबद्दल आहे. ती अशी:

सर्व कागद पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर मांडून मोबाइलने फोटो काढावेत. ते ऑनलाइनच्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत आणि सोबत लिहावं, 'भैया, फॉर्म भर देना'. कोणता फॉर्म, हे लिहू नये. दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'न्यू फोल्डर' नावाचा फोल्डर असतो, त्यात 'न्यू फोल्डर दोन' असतो, आणि त्यात निम्मी तहसील झोपलेली असते. पटवाऱ्याच्या दप्तरात नसेल एवढी माहिती तिथे आहे. चुकलेल्या प्रिंटा टेबलाखालच्या खोक्यात जातात. तिथून त्यांच्या कोऱ्या बाजूवर उधारीचा हिशेब होतो आणि हिशेब मिटला की पानं शेजारच्या भज्यांच्या गाडीवर. मी स्वतः तिथे आलूभजी खाल्ली आहेत, एका सद्‌गृहस्थांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात. तेलाने आकडे उलट जास्तच स्पष्ट दिसत होते. वार्षिक उत्पन्न वाचून चटणी परत मागायचा धीर झाला नाही.

दुकानदार पोराला मी दोष देत नाही. शेवटच्या तारखेला सर्व्हर बसलेला असताना तो रात्री अकरापर्यंत मोबाइलच्या उजेडात दुसऱ्यांच्या पोरांचे फॉर्म भरतो, आणि पैसे 'बाद में दे देना' म्हणतो. पण त्याला कुणी सांगितलेलंच नाही की काम झाल्यावर फाइल पुसायची असते. सांगायचं काम, भाचीबाई, तुझं. समोर उभं राहून पुसायला लाव, रिसायकल बिनमधूनसुद्धा. चुकलेली प्रिंट मागून घे आणि फाड. कॉलेजच्या पोर्टलमधून बाहेर पडल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून 'फक्त शिष्यवृत्तीसाठी' आणि तारीख लिही, अशी की आकड्यांवरून थोडी जाईल पण आकडे वाचता येतील. आणि जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार दे. आधारच्या संकेतस्थळावरून तो फुकट उतरवता येतो, त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ज्याला पूर्णच हवा असेल त्याला का हवा ते विचार. कॉलेजच्या खिडकीवर विचारायला भीती वाटत असेल तर निदान खोली भाड्याने देणाऱ्याला, लग्नाच्या लॉजवाल्याला आणि स्पर्धा परीक्षेच्या 'फ्री टेस्ट'वाल्याला तरी विचार.

आधार प्राधिकरणालासुद्धा हे एकदा सुचलं होतं. मे 2022 मध्ये त्यांच्या बंगळुरूच्या कार्यालयाने लोकांना सावध केलं, झेरॉक्स सरसकट देऊ नका म्हणून. दोनच दिवसांत तो सल्ला मागे घेतला आणि नेहमीची सावधगिरी बाळगा म्हणाले. नेहमीची म्हणजे कोणती? आमच्याकडे नेहमीची म्हणजे दोन्ही बाजूंची.

नियम चौथा, अंगठ्याचा. आठवडी बाजारात छत्रीखाली सिम विकणारा मुलगा बसलेला असतो. सिम फुकट, वर डेटा. अंगठा लावावा. 'नाही लागला, परत लावा' म्हणाला की परत लावावा. पहिला लागला होता की नव्हता, हे विचारणं असभ्यपणाचं. असं दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघतं आणि ते कुणाच्या तरी खिशात जातं. एका माणसाच्या नावावर देशात बहुतेक ठिकाणी नऊ सिम चालतात. आपल्या नावावर किती आहेत ते संचार साथीच्या संकेतस्थळावर बघता येतं आणि आपलं नसलेलं तिथेच कळवून बंद करता येतं. पाच मिनिटांचं काम, काही रील बघण्याइतकं.

तुझा अंगठा तरी गुळगुळीत, तरुण आहे. या तहसिलीतल्या बैगा आदिवासी आजीचं बघ. तिच्या कपाळावर लहानपणी काढलेलं गोदना, म्हणजे गोंदण, आहे, ती कोण हे जंगलभर कळतं आणि त्याची झेरॉक्स काही निघत नाही. पण पैसे काढायला तिच्याकडे मागतात अंगठाच, आणि बांबू तोडून, महुआ वेचून तो इतका झिजलेला असतो की मशीन चारदा नाही म्हणतं. पाचव्यांदा पैसे मिळतात. मधल्या चारांत काय झालं, हे कुणी मोजत नाही. तू कॉलेजात शिकतेस ना? तर बाजाराच्या दिवशी तिथे उभी राहा, दर वेळी मशीनवर काय आलं ते वाच आणि पावती मागून तिला वाचून दाखव. स्वतःचे बायोमेट्रिक आधारच्या अ‍ॅपमधून लॉक करून ठेव. लागेल तेव्हा उघडता येतात. हे मी विडंबनात लिहीत नाही.

नियम पाचवा: ओटीपी मामाकडे येतो. भाची लहानपणी सुट्टीत गोंदियाला आली असताना तिचं आधार काढलं, घरात मोबाइल माझाच, म्हणून नंबर माझा. तेव्हापासून राज्याची हद्द ओलांडून ओटीपी माझ्याकडे येतात आणि मागोमाग फोन. 'मामाजी, लवकर सांगा, दोन मिनिटंच उरलीत!' कशासाठी गं, असं विचारलं की 'तुम्हाला नाही समजणार'. ज्या मामाला स्टेटस दिसू नये, त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या. शास्त्राला एवढा निष्ठावान शिष्य मिळणं कठीण.

नियम सहावा, लग्नपत्रिकेचा. मोसमात व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. उघडायला सांगते, मोबाइलमध्ये बसवायला सांगते, मेसेज वाचायची परवानगी मागते. पत्रिकेला तुमचे मेसेज वाचायची काय गरज? ते अ‍ॅप असतं, बसलं की ओटीपी परस्पर चोराकडे. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, आणि तिच्यामागून फोन येतोच येतो. आमच्या समाजात नुसती पत्रिका पाठवून फोन केला नाही तर मामा रुसतो, लग्नाला येत नाही, आलाच तर जेवत नाही. हा रुसवा म्हणजे आमची सर्वांत जुनी पडताळणी यंत्रणा आहे. फोन आला नसेल तर फाइल पुसून टाकावी.

नियम सातवा: खातं किरायाने देऊ नये. सीनियर म्हणतो, पैसे येतील आणि जातील, तुला हजार-दोन हजार. ते कुणाच्या तरी लुबाडलेल्या बापाचे पैसे असतात. खाती गोठवतात तेव्हा 'गाँव की बेटी'चे 500 रुपयेही आत अडकतात आणि पोलिसांच्या कागदावर नाव तुझं असतं, सीनियरचं नसतं.

नियम आठवा लिहिताना माझा आवाज बदलतो. कुणी तुझा फोटो घेऊन त्यात भलतंच काही जोडलं, तुझ्या नावाचं दुसरं खातं उघडलं, किंवा जुना फोटो दाखवून धमकावलं, तर पैसे देऊ नकोस, चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढ. दुसऱ्याची ओळख वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते. पैसे गेले असतील तर 1930, ताबडतोब. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची आशा जास्त. मला ठाऊक आहे, मुली हे घरी का सांगत नाहीत. सांगितलं की पहिल्यांदा मोबाइल काढून घेतात, मग कॉलेज बंद, मग स्थळं बघतात. म्हणजे गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसरीला. तेव्हा मामापासून लपायची अक्कल पोरींना कुठून आली, ते मामांनाही नीट कळतं. ते फक्त बोलत नाहीत. मी तुझ्या आईला सांगणार नाही. मोबाइल तुझाच राहील. कॉलेजही चालू राहील, ते माझ्याकडे लागलं.

उरलं एवढंच. आधारला तुझा स्वतःचा नंबर जोडून घे, मी आता वैतागलो आहे. तोपर्यंत ओटीपी सांगत राहीन, पण दुपारी दोन ते चार फोन करू नये. त्या वेळात मी झोपतो.