घरात किती माणसं?

लोहाऱ्यात आमच्या गल्लीतल्या कुठल्याही दाराची चौकट बघा. घरपट्टीचा पत्र्याचा नंबर, त्याखाली पोलिओच्या डोसाच्या वेळी खडूनं काढलेला ‘पी’ आणि तारीख, वर निळ्या रंगात आणखी एक आकडा. तो कुणाचा, हे घरमालकालाही सांगता येत नाही. आशाताई येतात, अंगणवाडीच्या ताई येतात, मतदारयादीचं काम लागलेले गुरुजी येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: घरात किती माणसं? त्यांच्यावर माझा राग नाही, उन्हातान्हात फिरून ते खरं तेच लिहून नेतात. राग याचा, की या वह्या पुढे एकमेकींना कधी लावल्याच जात नाहीत.

पाण्याचा नाहीतर दवाखान्याचा आराखडा करायची वेळ आली की 2011 ची जनगणना काढायची, तिच्यावर वाढीचा ठरावीक दर चढवायचा आणि मोकळं व्हायचं. त्या जनगणनेत लोहारा बुद्रुक हे गाव आहे. आज इथे नगरपंचायत आहे. 1993 च्या भूकंपाच्या वेळचे कागद उघडा, तर आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर तिथे उमरगा तालुक्यात. जिल्हा एका यादीत उस्मानाबाद, दुसरीत धाराशिव, आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे.

याद्या अपुऱ्या असायच्याच. त्यांतूनच अंदाज काढायची रीत सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवर दाखवून दिली. समजा, घरपट्टीच्या यादीत 400 घरं आहेत, अंगणवाडीच्या यादीत 300, आणि दोन्हींत सापडणारी 240. म्हणजे अंगणवाडीच्या शंभर घरांतली ऐंशी घरपट्टीत सापडतात. घरपट्टीची पकड ऐंशी टक्के धरली, तर वस्ती 500 घरांची. दोन्ही याद्या मिळून 460 होतात; उरलेली 40 कुणाच्याच वहीत नाहीत, पण पाणी त्यांनाही लागतं. मुख्य अट अशी, की एका यादीतून सुटणं आणि दुसरीतून सुटणं यांचा संबंध नसावा. भाडेकरू दोन्हीकडून सुटतो, मग अंदाज कमी पडतो. त्यासाठी तिसरी यादी घ्यावी, चार गल्ल्या पायी फिरून पडताळाव्यात. यात न जमण्यासारखं काय आहे?

नवी जनगणना 1 मार्च 2027 च्या संदर्भानं होणार. मोजणी फेब्रुवारीतली, ऐन ऊसतोडीतली. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, तो जिथे सापडेल तिथे नोंदवायचा, ही जनगणनेची जुनी पद्धत. धाराशिव जिल्ह्यातली किती कुटुंबं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतील! ती परततात उन्हाळ्याच्या तोंडाला, पाण्याची ओढ सुरू होते तेव्हा. म्हणून नुसत्या जनगणनेवर टाकीचं माप ठरवू नका. रेशनकार्डं जोडा, मतदारयादी जोडा, आणि आराखड्यात लोकसंख्येच्या आकड्यापुढे तो किती कमी-जास्त असू शकतो तेही छापा. आईबाप तोडीला गेल्यावर जिथे मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, तिथे कोणत्या घरची मुलं राहिली याची नोंद ठेवलेली असते. ती वही शाळेतच आहे, ती मागवा.