आमचे कोरडे सर

स्काउट मास्तर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचे मुलांना शिबिराला नेतात. दुसऱ्या जातीचे मुलांना शिबिराला नेण्याची तयारी करतात. टेमघरचे आमचे कोरडे सर अस्सल दुसऱ्या जातीचे. कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हे. अख्ख्या पथकाच्या पोहण्याच्या बॅजचा घाट घालणारा हा माणूस स्वतः कधी पाण्यात उतरताना दिसला नाही, म्हणून पोरांनी बहाल केलेली ती पदवी. सरांना ती ठाऊक आहे. त्यांनी ती फक्त फाइलला लावून घेतलेली नाही.

फाइल हा सरांचा मुख्य अवयव. इस्त्रीचा गणवेश, गळ्यात स्कार्फ, स्कार्फला वॉगल, दोरीला शिट्टी आणि काखेत फाइल. फाइलवर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: ‘स्विमर बॅज – कच्ची फाइल’. पक्की कधी होणार, असं विचारलं की सर म्हणतात, “आधी पाणी पक्कं होऊ द्या.”

आता टेमघरला पाणी कमी आहे असं कोणी म्हणू नये. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी आमच्याकडे शुद्ध होतं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या नळांना जातं. या पाणीयोजनेचं ‘स्टेम’ हे नावच शहाड आणि टेमघरवरून पडलेलं. शहरंच्या शहरं न्हाऊन निघतील एवढं पाणी इथून रोज जातं, पण जातं ते पाइपातून. आणि पाइपात पोहण्याचा बॅज भारत स्काउट्स आणि गाइड्सने अजून काढलेला नाही. सर एकदा शुद्धीकरणाच्या टाक्यांकडे बराच वेळ बघत उभे होते. अर्जाचा मसुदाही झाला होता म्हणे. तेवीस पोरं उतरल्यावर ते पाणी परत पहिल्यापासून शुद्ध करावं लागेल, हे लक्षात येऊन त्यांनी तो स्वतःच फाडला.

पालकसभेत पहिला स्फोट झाला तो गावाच्या नावावरून. एका आईने मोबाइलवर टेमघर शोधलं, तर समोर धरण आलं. “सर, हे धरण तर गळतंय! इथे पोरांना पोहायला नेताय?” सरांनी शांतपणे नकाशा उघडला. “ताई, ते टेमघर मुळशी तालुक्यात, मुठा नदीवर. गळतीची बातमी २०१६ची. आपलं टेमघर भिवंडीचं. आपल्याकडे गळायलासुद्धा धरण नाही.” सभा निवळली. सरांनी फाइलमध्ये नोंद केली: ‘शंका क्र. १ – निरसन झाले.’

मग सुरू झाली जलसंशोधन मोहीम. वऱ्हाळा तलाव: ‘देवीचा परिसर. गणपती विसर्जन होते. तळाशी काय आहे ते देवीलाच ठाऊक. नको.’ कामवारी नदी: ‘लांबून पाहिली. वासावरून निर्णय घेतला.’ अकलोली-वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं: ‘थंडीत मुले आनंदाने उतरतील. बाहेर निघणार नाहीत. नको.’ शेवटी एका आगरी आजोबांची विहीर. आजोबा सरांच्या मागे काठावर उभे राहून फाइल न्याहाळत होते. म्हणाले, “मास्तर, कागद कनाला? पोराला पान्यान टाका, तो आपसूक पवल.” सरांनी पायऱ्या मोजल्या, दगड बांधून दोर आत सोडला, दोर संपला, तळ लागला नाही. शेरा: ‘आजोबा उत्तम. विहीर नको.’

उरला ठाण्यातला महापालिकेचा तरणतलाव. तिथलं पाणी स्वच्छ, खोली भिंतीवर रंगवलेली, जीवरक्षक हजर. अडचण एकच, मध्ये अंजूरफाटा होता. सरांच्या फाइलमध्ये पाण्यावर नऊ पानं आहेत आणि कशेळी पुलापर्यंतच्या ट्रॅफिकवर चौदा. त्यात गोदामांच्या कंटेनरांच्या वेळा आहेत. रस्त्याकडेला मेट्रोचे खांब उभे राहिले, तेव्हा सर पहिल्यांदा हळवे झालेले मी पाहिले. या मार्गावर टेमघरलाही स्टेशन होणार आहे. “एकदा मेट्रो सुरू झाली की पोहणं सोपं,” असं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तारखेचाही खल झाला. पावसाळा बाद. दिवाळीत पोरं मामाकडे. शेवटी २२ फेब्रुवारी ठरली. हा बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस, आपल्याकडचे स्काउट-गाइड तो चिंतनदिन म्हणून पाळतात. पोहण्यापेक्षा चिंतन सरांना मानवतंच. बेडन-पॉवेल यांच्याबद्दल त्यांना आदर आहे, पण किंचित असूयाही आहे. “१९०७ साली त्यांनी पहिलं शिबिर भरवलं ते ब्राउन्सी बेटावर. चारी बाजूंनी पाणी! त्यांना काय अंजूरफाटा लागणार?”

त्याआधी महिनाभर कोरडा सराव. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकून पोरं पालथी पडायची आणि हातपाय मारायची. शेजारच्या यंत्रमाग कारखान्यातले कामगार विडी ओढायला बाहेर येत आणि तेवढ्या वेळात फुकटची करमणूक होई. शिट्टीची परीक्षाही तिथेच झाली. मागांच्या खडखडाटात ऐकू येते ती शिट्टी कुठेही ऐकू येईल, हा सरांचा सिद्धांत. मागावरच्या सुताचे तुकडे आणून त्यांनी मुलांच्या मनगटांना बांधले: पोहता न येणाऱ्यांना लाल, नुसतं तरंगणाऱ्यांना पिवळा, पोहणाऱ्यांना निळा. सगळ्यांनी निळा मागितला. चाचणी झाली नाही तोवर सर्वांना लाल मिळाला. मामाच्या विहिरीत मुटके मारणारा एक पोरगा त्या अपमानाने दोन दिवस जेवला नाही, असं त्याची आई सांगते.

आणि जोडीदार पद्धत! प्रत्येकाला एक जोडीदार. दर दहा मिनिटांनी लांब शिट्टी झाली की जोडीने हात धरून वर करायचे आणि सर मोजणार. पथकात पोरं तेवीस. विषम आकड्याने सरांची झोप उडवली. अखेर एक त्रिकूट मंजूर झालं आणि नियम १४ला ‘अ’ फुटला. कोणी बुडताना दिसला तर काय? पोरं पाढ्यासारखं म्हणत: आधी काठी, मग दोर, मग तरंगणारी वस्तू, उडी फक्त शिकलेल्याने. “बुडणारा सिनेमातल्यासारखा ‘वाचवा वाचवा’ ओरडत नाही,” सर बजावत, “तो गप्प होतो. म्हणून कानावर विसंबायचं नाही. मोजायचं.”

दिवस उजाडला. ट्रॅफिकची चौदा पानं खरी ठरली. तलावावर हजेरी, प्रार्थना, सूचना, दोऱ्यांची तपासणी, जोड्यांची तपासणी, पुन्हा हजेरी. पाऊण तासाच्या बॅचमध्ये पोरं पाण्यात पडेपर्यंत निम्मा वेळ सरला होता. दहा मिनिटांनी लांब शिट्टी. हात वर. सर मोजू लागले आणि बाविसावर थांबले. त्रिकुटातले दोघेच हात धरून उभे होते. “सगळे बाहेर!” असा आवाज या माणसाच्या पोटात असेल असं वाटलं नव्हतं. जीवरक्षक धावला, पोरं काठावर, एका पालकाने देव आठवले. तेविसावा कपडे बदलायच्या खोलीत निवांत बसून वडापाव खात होता. त्याने जोडीदारांना सांगितलं होतं, पण जोडीदार पाण्याखाली होते.

परतीच्या बसमध्ये सगळे हसत होते. वडापावने वाया घालवलेला वेळ, ‘अ’ फुटलेला नियम, न मिळालेले बॅज. कोणीतरी म्हणालं, सरांना पोहता येत नसणार, म्हणून ही थेरं. ते खोटं आहे. सर खाडीकाठी वाढले आहेत, आणि भरतीत पोहलेल्या माणसाला पाण्याची जी भीती असते ती त्यांना आहे. मी एकदा विचारलंच, तुम्ही का उतरत नाही? म्हणाले, “ज्याचं डोकं पाण्याखाली आहे तो दुसऱ्यांची डोकी कशी मोजणार?”

बॅज पुढच्या खेपेला मिळतील. फाइलवर अजूनही ‘कच्ची’च आहे. पण एक मुलगा जागेवर नाही, हे त्या दिवशी शिट्टी झाल्यावर अर्ध्या मिनिटात कळलं, आणि ते वडापावमुळे नव्हे, फाइलमुळे. पावसाळ्यात धरणांवर, धबधब्यांवर, खदाणीत जाणाऱ्या टोळक्यांत पोहणारे असतात, मोजत मात्र कोणी नसतं. तेव्हा पुढच्या सुट्टीत चारचौघांना घेऊन पाण्यावर जाल तर आमच्या सरांना खुशाल हसा. पण एक माणूस काठावर कोरडा ठेवा, आणि त्याला आकडा सांगून ठेवा.